निळ्या लंबकाचं काय चुकलं?

मंडळी, सकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी चंदीगडला विद्यापीठात फिजिक्स शिकवते. सध्या आई सांगलीहून माझ्याकडे आली आहे. आज निघण्याआधी मी वर्गात दाखवायचं सिम्युलेशन लॅपटॉपवर तपासत होते. दोन लंबक, एक लाल, एक निळा. प्रत्येकाच्या टोकाला आणखी एक लंबक जोडलेला. सुरुवातीच्या जागेत केसाएवढा फरक. थोडा वेळ दोघं एकच वाटतात, मग एकदम दोन दिशांना भरकटतात.

आई मागे येऊन उभी राहिली होती. "निळ्याचं काय चुकलं गं?"

"काहीच नाही. दोघांना नियम तेच आहेत."

"म्हणजे एवढ्याशानेही फरक पडतो."

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. माझा भाऊ अपघातात गेला, त्या दिवशी आईने त्याला चहासाठी दारातून परत बोलावलं होतं. तेव्हापासून ती घरातून निघणाऱ्या कुणालाच थांबवत नाही.

खोटं बोलवेना. म्हटलं, "पडतो. पण कुठे जाईल ते सोडताना कुणालाच कळत नाही, आई. हे मी बनवलंय, तरी मलाही कळत नाही."

"परत लाव," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा बघत राहिली.

मी बॅग उचलली, चपला घातल्या. आतून आवाज आला, "थांब, चहा टाकलाय."

मी चपला काढल्या.

वर्गात मुलांनी विचारलं, "मॅम, आज लेट?" तुम्ही काय सांगितलं असतं?