न समजता म्हटलेलं ‘आमा’

एक जुलै. पहिल्या महिन्याच्या शिकवणीचे पंधराशे रुपये, रोख. हजर: मी, माझी बायको आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या तमिळ बाई. त्यांचा जन्म नागपूरचा, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच.

“या वयात तमिळ काहून शिकता?” त्यांनी विचारलं.

बायकोने सांगितलं. मुलगा कोइम्बतूरला नोकरीला होता, तिथलीच बायको केली. दीड वर्षापूर्वी अपघातात गेला. नातवाला आता तिसरं लागलं आहे. सून दवाखान्यात नर्स, म्हणून तो दिवसभर तिच्या आईजवळ. त्या आजीला हिंदी येत नाही, पोराला तमिळशिवाय काहीच येत नाही. फोनवर आमचा आवाज आला की तो पळतो.

त्याचं जावळ राहून गेलं होतं. दिवाळीनंतर नरखेडकडच्या आमच्या गावी, कुळदेवीसमोर काढायचं, असं सुनेशी ठरलं होतं. त्याला नागपूरला आणण्याचं तेवढंच एक निमित्त आमच्या हातात होतं. तो येईल तेव्हा मला पाहून रडू नये, एवढ्यासाठी ही शिकवणी.

बाईंचा नियम एकच: त्या तासात मराठी नाही, हिंदी नाही. मला ते जमेना. मी कळमन्याच्या फळबाजारात अडत्याकडे हिशेब लिहितो. संत्र्याचा व्यापारी केरळचा असो की बंगालचा, आम्ही हिंदीच बोलतो. परका माणूस दिसला की नागपूरकराच्या तोंडातून आपोआप हिंदी निघते. बाईंनी काही विचारलं की मी अडायचो आणि “मतलब...” म्हणून सुरू व्हायचो.

“आपल्याले दक्षिणेत, बल्लारशाकडं जाचं आहे,” बाई म्हणायच्या, “अन् तुमची गाडी निघाली इटारसीले!”

मी वाक्यं पाठ केली. मी आजोबा बोलतोय. जेवलास का? काय करतोस? बाई म्हणाल्या, “बोलणं येऊन राहिलं, पण आयकणं कच्चं आहे तुमचं. नाही समजलं तर ‘पुरियल’ म्हणा. म्हणजे समजलं नाही.” तो शब्द मी घोकला नाही. नातवाला पहिल्याच दिवशी आपलं अडाणीपण कशाला सांगायचं?

ऑगस्टमध्ये एका रविवारी फोन लावला. आजींनी उचलला. माझी तीनही वाक्यं नीट गेली. त्या इतक्या खूश झाल्या की धो धो बोलायला लागल्या. मला त्यातलं पोराचं नाव कळलं, बाकी काही नाही. त्या मध्येच थांबायच्या, काहीतरी विचारल्यासारखं. मी म्हणायचो, “आमा, आमा.” हो, हो. शेजारी बसलेली बायको कौतुकाने बघत होती.

रात्री सुनेचा फोन आला. तिचा आवाज मोकळा होता. ती हिंदीत म्हणाली, बाबा, तुम्ही एवढ्या सहज मानाल असं वाटलं नव्हतं. आईने विचारलं, आम्हा मायलेकांना एवढा प्रवास झेपणार नाही, तर जावळ इकडेच आमच्या देवळात उरकू का? तुम्ही हो म्हणालात. पुढच्या शुक्रवारचं ठरलं, मामाला रजाही मिळाली.

मी “अच्छा” म्हणालो. मला काहीच समजलं नव्हतं, हे तेव्हाही सांगता आलं असतं. पण तिच्या आईसमोर तिला खाली पाहायला लावण्याची हिंमत झाली नाही.

फोन ठेवून मी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, “कळमन्यात कधी भाव न आयकता हो म्हटलं काय तुम्ही?”

शुक्रवारी फोटो आला. मुंडण केलेलं, चंदन लावलेलं डोकं, रडून लाल झालेले डोळे. बायकोने फोटो मोठा करून पाहिला आणि फोन उलटा ठेवला. देवघरात तिने नव्या झबल्याचं कापड आणून ठेवलं होतं, ते त्याच दिवशी कपाटात गेलं.

दोन दिवसांनी, रविवारी, मी पुन्हा फोन लावला. आजी बोलू लागल्या तसा म्हणालो, “पुरियल.” त्या थांबल्या. त्यांनी फोन पोराकडे दिला. मग लहान आवाज आला, एक छोटं वाक्य. मी म्हणालो, “पुरियल.” त्याने तेच पुन्हा म्हटलं, जोरात, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. मी तिसऱ्यांदा “पुरियल” म्हणालो तेव्हा तो हसला, की वैतागला, तेही मला ओळखता आलं नाही. फोन बंद झाला.

बाईंकडे जाईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून निसटलं. फक्त शेवटचा ‘ताता’ राहिला, म्हणजे आजोबा.

“आता काहून शिकता?” बाईंनी विचारलं. “पोरगं तर येत नाही.”

“तो काय म्हणाला, ते समजलं पाहिजे,” मी म्हणालो.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे मिळून तीन हजार मी आगाऊ बाईंच्या हातात दिले.