सरांनी सोडवलेला कोयता

सरांच्या निवृत्तीच्या सत्काराला मी गेले ती भावाच्या हट्टापायी. एरवी त्या माणसाचं तोंड बघायची मला हौस नव्हती.

आमच्या कबड्डीच्या मुलखात फुटबॉल आणला तो या सरांनीच, हे खरं आहे. कॉलेज साखर कारखान्याच्या चेअरमनचं आणि सर तिथले फिजिकल डायरेक्टर. शिरूर कासारकडच्या माळावर वाढलेली पोरं त्यांनी हेरली, पळवली, शिव्या घालून घडवली आणि विद्यापीठाच्या संघात नेली. पुढं स्वतः विद्यापीठाचे क्रीडा संचालक झाले. त्यांचे चषक मी पाहिलेत, कपाटं भरलीत. माणूस कर्तबगार. पण त्या कर्तबगारीला मी काय जाळू?

माझा भाऊ त्यांचा गोलकीपर. वडील म्हणायचे, "चेंडू आडवायला कालेज काहून लागतंय?" मनातून मात्र खूश असायचे.

त्या साली लागोपाठचा दुसरा दुष्काळ होता. ऊसच नव्हता, त्यामुळं चेअरमनच्या कारखान्याची चिमणी थंड होती. कॉलेजच्या मैदानावर मात्र कारखान्याचा टँकर पाणी मारायचा, पोरांचे गुडघे फुटू नयेत म्हणून. आमच्या गावात बाया विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. तिथंच आई पायरीवरून घसरली आणि तिचा हात मोडला.

दिवाळी झाली की आम्हाला ऊसतोडीला कोल्हापूरकडं निघायचं होतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या बोलीत कोयता म्हणजे दोघांची जोडी, एकानं ऊस तोडायचा आणि दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. अर्ध्या कोयत्याला तो गाडीत घेत नाही. तेव्हा आईच्या जागी वडिलांबरोबर भाऊ जाईल, मी आईपाशी राहून दहावीची परीक्षा देईन, असं घरात ठरलं होतं. मी पुस्तकांना कव्हरंसुद्धा घातली होती.

आणि सर आले. कारखान्याच्या जीपमध्ये मुकादमाला शेजारी बसवून आले. विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर होत्या, गोलकीपर उसात गेला तर यांची इज्जत जाणार होती. मी चहा दिला. सर तो फुरके मारत प्याले आणि वडिलांना म्हणाले, "मामा, पोरगा मला द्या. जोडीचं काय एवढं? आमच्यात एक खेळाडू बसला की दुसरा उतरवतात. ही पोरगी हाय की धडधाकट."

"सर, तिची दहावी हाय यंदा," वडील म्हणाले.

"दहावी पुढच्या वर्षी बी येती, मामा."

मुकादम हसला. मुकादमापुढं वडिलांची जीभ कधीच चालली नाही. मला कुणी विचारलं नाही, मी कपबशा उचलून आत गेले.

पुढचं वर्ष आलं ते माझं लग्न घेऊन. स्थळ उसाच्या फडावरच ठरलं, पुन्हा कोयता, या वेळी नवऱ्याबरोबर. भाऊ खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागला. तो मला जीव लावतो, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. दहावी मी पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली, पोरं मोठी झाल्यावर. पेढे वाटले सगळ्यांनी. पण ज्या वयात पास व्हायचं ते वय फडात गेलं, आणि त्याचा राग मला अजून येतो. तो कमी व्हावा असंही मला वाटत नाही.

सत्काराच्या मंडपात सर माइकवर म्हणाले, "ऊसतोड्याच्या घरातला कोयता मी सोडवला." टाळ्या पडल्या. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोडवला कुठं? एकाच्या हातातून काढून दुसरीच्या हातात दिला. तरी तोवर मी मनाला समजावत आले होते की मोठा माणूस, त्याला माझी दहावी काय आठवणार, बोलण्याच्या भरात बोलून गेला असेल.

पंगतीत सर विचारपूस करत माझ्यापाशी आले. "ताई, भावाचा अभिमान वाटतो की न्हाई?"

"वाटतो," मी म्हटलं. "त्याच्या जागी मी गेलते, सर. शाळा सोडून."

मला वाटलं, चपापतील.

"माहीत हाय की," सर म्हणाले. "तुमच्या हेडमास्तरांनी त्या दिवशी जीप आडवली होती माझी. म्हणाले, पोरगी बोर्डात येईल, तेवढं तिला सोडा." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले. "पण ताई, मला त्या साली गोलकीपर पाहिजे होता."

मग त्यांनी वाढप्याला हाक मारली, "अरे, ताईंना बुंदी वाढ."

मी पानावर हात आडवा धरला आणि उठले.