तीन बोटांची परीक्षा

लॅबवाले काका संत्र्यांचा भाव कधीच करत नसत. दर रविवारी कळमन्याच्या बाजारात माझ्या गाळ्यावर येत आणि म्हणत, "तू म्हणशील तो भाव, गा. पण आधी तोंड उघड." पेट्या वाहता वाहता मी अडत्या झालो होतो. माल घेणारे माझ्याशी जपून बोलत आणि हा म्हातारा चारचौघांत माझे दात तपासायचा! त्याचा राग अजून गेलेला नाही.

ते सक्करदऱ्याला राहत. एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये तीस वर्षं त्यांनी बरण्या पुसल्या. स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंतचं. पण कॅन्सरची कारणं कशी सापडली यावरचा एका सरांचा तास दरवर्षी मागच्या भिंतीला टेकून ऐकून पाठ झालेला. तोच तास ते आमच्या हमालांना ऐकवत.

"लंडनात धुराडी साफ करणारी पोरं राहायची. मोठी झाली का त्यांच्यातच एक गाठ दिसे. एका डॉक्टरनं इचारलं, बाबू, तू काम काय करतं? अन् काजळी सापडली! देवाचा कोप म्हणून सोडून दिलं असतं, त सापडली असती का?"

माझ्या गालात कायम खर्रा असायचा. तंबाखू, सुपारी, चुना, सगळं घोटून. खर्ऱ्यानं तोंड आखडत जातं; ते पाहायला तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत, ही काकांची परीक्षा. माझी दोनच गेली.

"अडीच धरा," मी म्हणालो.

"इथं घासाघीस नाही चालत, गा."

माझं डोकं फिरलं. "वीस वर्षं खाऊन राहिलो, काका! काय झालं मले?"

"सशालेही काही झालं नव्हतं," ते शांतपणे म्हणाले. "जपानात सशाच्या कानाले डांबर लावून पाहत होते. बाकीच्यांनी थोडे दिवस लावलं, काही झालं नाही म्हणून सोडलं. दोघं जण मात्र महिनोन्‌महिने लावतच राहिले. तवा गाठ आली. तुह्या गालाले तूच लावून राहिला ना रोज?"

हमाल खो-खो हसले. "शेठचा ससा झाला!" मी काकांची पिशवी रस्त्यावर फेकली. त्यांनी एकेक संत्रं वेचलं आणि निघून गेले.

त्या दिवशी मी खर्रा सोडला, निव्वळ रागानं. 'रोज लावून राहिला' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला खोटं पाडायचं होतं. पण नेहमीचा तिखट सावजी रस्सा तोंडाला सोसेनासा झाला, तेव्हा दवाखान्यात गेलो. गालात पांढरा चट्टा निघाला. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. "वेळेवर सोडलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे सांगायला मी काकांचा शोध घेतला. ते बेसाला मुलीकडे होते, खाटेवर. पोटाचा कॅन्सर. मी सांगितलेलं ऐकून खुदकन हसले. मला मात्र राहवेना.

"तुम्ही तर सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही कधी. मग तुम्हाले काहून?"

"ते नाही सांगता येत, गा. तुह्यं कारण माहीत होतं, म्हणून तुले रागावलो. मी कोणावर रागावू?"

दिवाळीआधीच ते गेले. मी जन्मभर भांडून माझं मिळवलं आहे. पण भांडायला समोर कोणीतरी लागतं.