त्रेचाळीस गाड्या घेऊन रत्नागिरीला

विलास गेल्यानंतर आठ महिन्यांनी, जानेवारीत, त्याचं गाड्यांचं कपाट उघडायचं धाडस मला झालं. माझा नवरा पंपांचे सुटे भाग विकायला गावोगाव फिरायचा आणि परतताना बोटभर लांबीची एखादी गाडी घेऊन यायचा. कपाटातच एक कार्ड सापडलं. गणपतीपुळ्याहून जयगडला जाताना एका घरात छोट्या गाड्यांचं खाजगी संग्रहालय आहे, तिथलं. फोन लावला. "आणा की, जागा हाय," पलीकडून आवाज आला, आणि माझं ठरलं.

दुसऱ्याच्या घरी वस्तू द्यायची तर लख्ख करून द्यायची, ही आमच्याकडची रीत. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन मी अख्खी दुपार बसले. गाड्यांच्या बुडाला काळ्या शाईने काहीतरी बारीक गिरगटलेलं होतं. चष्मा कोण शोधत बसणार? दुकानदारांच्या किमती असतील म्हणून स्पिरिट लावून तेही काढलं. त्रेचाळीस गाड्या चकाचक. स्वतःवर जाम खूश होते मी.

कोल्हापूरहून सकाळची पहिली एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. रस्त्याची कामं चालू आहेत, त्यामुळे चार तासांचे पाच धरून चाला आणि नाकाला रुमाल ठेवा. आंबा घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. पालीला बस थांबली तेव्हा चहा आणि गरम वडा खाल्ला. शेजारच्या बाईंनी मांडीवरच्या खोक्याकडे बघून विचारलं, "नातवाला काय?" मी हो म्हटलं. मला नातू नाही.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरेवारेच्या किनाऱ्याने जाणारी बस मिळाली तर तीच घ्या. समुद्र इतका जवळ येतो की मी दोनदा "बघ ना" म्हणून शेजारी वळले. देवळाजवळच्या खानावळीत आमटी-भात, फणसाची भाजी आणि सोलकढी. पुढे रिक्षा करावी लागते. तीच थांबवून ठेवा, परतीची मिळत नाही.

संग्रहालय म्हणजे चिऱ्याच्या घराची पडवी आणि आतली मोठी खोली. सोमवारी बंद, तिकीट चाळीस रुपये. मालक सत्तरीचे काका, सगळं आयुष्य बोटीवर काढलेलं. काचेच्या कपाटांत दमट हवेसाठी खडूच्या पुरचुंड्या, आणि प्रत्येक गाडीपुढे काकांच्या अक्षरातली चिठ्ठी: कुणी आणली, कुठून, का. एका ट्रकपुढे लिहिलं होतं, 'बोट बंदरात अडकली, घरी मुलगी झाल्याचं इथेच कळलं.' मोटारींतलं मला शष्प कळत नाही, पण चिठ्ठ्या वाचत मी तासभर फिरले.

मग मी खोका उघडला. काकांनी पहिली गाडी उचलली आणि थेट उलटी केली. दुसरी. तिसरी. पाचवीला थांबले.

"वैनी, खालचा लिवलेला कुठे गेला?"

"काय लिहिलेलं?"

"तुमचे मिस्टर इथे आले होते ना, तेव्हा एक दाखवलनी होती मला. खाली बारीक लिवलनी होतं: 'चिपळूण, दरड, रात्रभर बसमध्ये'. सगळ्यांवर लिवतो, म्हणाले."

मी धुतलं म्हणून सांगितलं. स्पिरिटचंही सांगितलं. काकांनी गाडी हळूच खाली ठेवली आणि आत वळून म्हणाले, "जरा पाणी आण गो." त्यांच्या बायकोने पाणी आणलं. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं.

"तुम्हाला आठवेल ता सांगा. मी लिवतो," काका म्हणाले आणि पेन घेऊन बसले.

निळी रुग्णवाहिका, लेक झाली त्या दिवशी दवाखान्यासमोरून घेतलेली. काळी जीप, सासरे गेले तेव्हाची. अशा अकरा निघाल्या. बाकीच्या मी हातात घेऊन फिरवत राहिले. तो दौऱ्यावरून आला की दारातच सांगायला लागायचा आणि मी म्हणायची, आधी हातपाय धू, पोळ्या गार होतायत. एकतीस वर्षं तो सांगत होता हो, आणि मी पोळ्या लाटत होते. आता विचारायचं कुणाला?

बाराव्या गाडीला काका पेन धरून थांबले होते. पिवळी टॅक्सी. मला ते थांबणं सोसेना. मी म्हटलं, "ही महाबळेश्वरची. लग्नानंतर गेलो होतो तेव्हा घेतली." काकांनी वळणदार अक्षरात लिहिलं, फुंकर घालून शाई वाळवली आणि चिठ्ठी गाडीपुढे ठेवली. उरलेल्या एकतीस गाड्यांपुढे नुसतं विलासचं नाव आहे.

रत्नागिरीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला परतले. कपाट रिकामं आहे. लेक म्हणते, तिथे गाड्या नीट राहतील, आणि ते खरंच आहे. ज्यांना गाड्यांची आवड आहे त्यांनी जरूर जावं, मुलांना न्यावं, काकांना वेळ द्यावा. उजवीकडच्या तिसऱ्या कपाटात ती पिवळी टॅक्सी दिसेल. तिची चिठ्ठी खोटी आहे. आम्ही महाबळेश्वरला कधी गेलोच नाही. तो दर उन्हाळ्यात विचारायचा, आणि मी म्हणायची, पुढच्या वर्षी बघू.