लंबं गाणं आणि स्कूटरची किल्ली

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. गोंदियाजवळ कुडव्याला आमच्या माडीवर शेजारच्या राइस मिलचा बारीक कोंडा उडत येऊन बसतो ना, तसेच! सकाळी टीव्ही पुसा, दुपारी त्याच्यावर बोटानं स्वतःचं नाव लिहून घ्या. मी तर आता पुसणंच सोडलंय.

माडी माझा मित्र नरू याची. नरू त्याच मिलमध्ये मेकॅनिक आहे, मी, म्हणजे दिनू, लग्नाचे फोटो काढतो. दोघांनीही चाळिशी ओलांडलेली, आणि दर रविवारी दुपारी पडदे ओढून आम्ही ड्रम वाजवतो. खरे नव्हेत, व्हिडिओ गेममधले! नागपूरचं एक गेम पार्लर बंद झालं तेव्हा नरूनं तिथला सेट उचलून आणला. चार रबरी पॅड, पायाखाली एक पेडल आणि टीव्हीला जोडायचं मशीन. गाणं सुरू झालं की टीव्हीवर रंगीत ठोकळे वरून खाली घसरत येतात. ठोकळा खालच्या रेषेला टेकला की त्या रंगाच्या पॅडवर काठी पडली पाहिजे, नाहीतर चूक मोजली जाते. मशीन आणि स्पीकर इन्व्हर्टरवर चालतात. टीव्ही मात्र एवढा मोठा, की इन्व्हर्टरला झेपत नाही. त्यामुळे लाइट गेली की गाणं ऐकू येतं, दिसत काहीच नाही.

त्या गेममध्ये एक गाणं आहे, साडेचार मिनिटांचं. शेवटचं मिनिटभर नुसतं उजवा-डावा, उजवा-डावा, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. आम्ही त्याला 'लंबं गाणं' म्हणतो. ते एकही चूक न करता वाजवायचं, एवढ्यासाठी आमची सगळी धडपड!

* * *

माडीखाली वंदनाताईंचं शिवणकामाचं दुकान आहे. पहिल्याच महिन्यात एका रविवारी त्या अर्धवट शिवलेला ब्लाउज हातात घेऊन जिना चढून वर आल्या. आवाजाची तक्रार असणार, हे आम्ही ओळखलं.

"ताई, आवाज कमी करतो ना," नरू त्यांनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला.

"आवाजाचं काही नाही जी! तुमचा पाय मधातच अटकते. खाली मशीनवर माझा पाय तुमच्या पायासंग चालून राहिला. तुम्ही अटकले का माझी शिवण वाकडी!"

आम्ही गार! ताईंचं पायमशीन. आम्ही पेडलवर अख्खा पाय उचलून आपटायचो आणि दोन मिनिटांत पोटऱ्या दगड व्हायच्या. ताई स्टुलावर बसल्या, पेडलवर पाऊल ठेवलं आणि टाच, चवडा, टाच, चवडा असं ते नुसतं झुलवायला लागल्या. पेडल असं पळालं की नरू खाली वाकून त्यांच्या पायाकडे बघतच राहिला.

"पाय कायले उचलता? ठेवा न तिथंच," ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून ताई आमच्यात. पायाला त्यांच्या तोड नाही. हातांचं मात्र नाव काढू नका, काठी अजून सुईसारखी धरतात!

* * *

कापगते सर अर्जुनी मोरगावचे. तिथल्या शाळेत पीटी शिकवायचे, शाळेचा बँडही तेच बसवायचे. एकदा माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोला आले आणि डावा हात काही खिशातून काढेनात. आदल्या वर्षी लकव्याचा झटका येऊन गेला होता. बाकी सगळं सावरलं, पण त्या हातात जोर येईना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता.

"मी काय लहान पोरगा आहो का, चेंडू खेळाले?" सर चिडून म्हणाले.

"नाही सर, तुम्ही मोठे आहात," मी म्हणालो, आणि त्यांना व्हिडिओ गेमवर घेऊन आलो!

तेव्हापासून सर दर रविवारी सकाळच्या गाडीनं गोंदियाला यायला लागले. मला वाटायचं, हातासाठी येतात. खरं कारण महिन्याभरानं कळलं. सरांची गिअरची जुनी स्कूटर आहे, आणि तिचा क्लच डाव्या हातात. तिच्यावर बसून ते रोज पहाटे गावाबाहेरच्या तलावावर जायचे. त्यांच्या पणजोबांच्या पिढीनं बांधलेला तलाव. झटक्यानंतर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, स्कूटरची किल्ली काढून घेतली, आणि सरांनी तलाव पाहिला नाही तो नाहीच.

"कोणाच्या मागं बसून जा ना सर," नरू म्हणाला.

"पाहुण्यासारखं वाटते बे," सर म्हणाले.

काकूही त्याच शाळेतल्या. त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बोलणं एकदम शुद्ध, शाळेतलं. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आजही त्यांना बघून ताठ बसतात. सरांनी घरी लंब्या गाण्याचं वर्णन केलं, तेव्हा काकूंनी अट घातली, "ते गाणं माझ्यासमोर एकही चूक न करता वाजवून दाखवा. जो हात साडेचार मिनिटं काठी सोडणार नाही, तो क्लचही सोडणार नाही. मग किल्ली देईन."

सरांनी येऊन आम्हाला सांगितलं, "मॅडमनं पेपर काढला, बाप्पा!"

* * *

गेममध्ये गाणं हळू करून सराव करता येतो. नरूला धीर कुठला! आठवड्याभरात त्यानं अर्ध्या स्पीडवरून फुल स्पीड गाठला. सोमवारी त्याचं मनगट इतकं सुजलं की मिलमध्ये हातात पाना धरवेना. मालकानं विचारलं, कशानं झालं? आता काय सांगणार? नरू म्हणाला, "गाणं म्हणताना!"

सरांनी मात्र स्वतःसाठी वेगळीच रीत काढली. स्पीड अगदी एक घर वाढवायचा, त्याच्यावर हात बसेपर्यंत वाजवायचं, आणि मग दोन दिवस काठीला हात लावायचा नाही. घरी ते उशीवर सराव करायचे, तिथंही हेच.

"आमच्याकडं तलावाची पाळ अशीच बांधत," ते नरूला सांगत होते. "मातीचा एक थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकून दाबायचं, आन् मुरू द्यायचं. मग दुसरा थर. तू तर एका हप्त्यात पूरी पाळ उभी करून राहिला!"

"किती दिवस मुरू द्यायचं सर?"

"तुझं मनगट? तू चूप बसशील तितके दिवस."

गंमत अशी, की सरांचा कमजोर हातच त्यांच्या कामी आला. आम्ही काठी गच्च आवळून धरायचो, म्हणून दमायचो. सरांना डावीकडची काठी आवळताच येत नव्हती, त्यामुळे ती रबरावर पडली की स्वतःच उसळून वर यायची. फक्त कधीकधी जरा जास्तच उसळायची! एकदा खिडकीतून थेट खाली गेली. वंदनाताई वर आल्या आणि काठी पुढे करून म्हणाल्या, "गिऱ्हाइकाच्या मापाची टेप समजून मी हेच धरून राहिली होती जी!"

* * *

तासभर असं वाजवलं की एक जादू होते. ठोकळे खाली घसरताना बघून बघून डोळ्यांना सवय लागते, आणि मग कुठंही नजर टाका, समोरचं सगळं हळूहळू वर चढताना दिसतं. भिंत चढते, कॅलेंडर चढतं, पण कुठं पोचत मात्र नाही. पडदा ओढलेला, फटीतून आलेल्या उन्हात कोंडा तरंगतोय, मिल धडधडतेय, बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ विमान कुठंतरी वर गुणगुणतंय, आणि आम्ही चटईवर पडून निळी भिंत चढताना बघतोय! सर एकदा तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "दिनू, तलाव भरून राहिला." मला फार बरं वाटलं, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं.

त्याच तंद्रीत मी एकदा बिरसीला लग्नाचे फोटो काढायला गेलो. माडीवरून थेट स्टेजसमोर! कॅमेरा लावला, तर नवरानवरी खुर्च्यांसकट अलगद वर निघालेले. मागून एक छोटं विमानही चाललेलं. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! मी हात वर करून ओरडलो, "थोडं खाली या, खाली!"

नवरानवरी गडबडून उभे राहिले. मुलीचे वडील माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि मग मागं वळून म्हणाले, "अरे, त्या फोटोवाल्याले पयले जेवाले द्या बे!"

* * *

मग आला तान्हा पोळा. त्या वर्षी तो रविवारी आला होता. मिल बंद. सर तोवर फुल स्पीडला पोचले होते, शेवटच्या मिनिटात फक्त चार-पाच चुका व्हायच्या. पुढच्या महिन्यात काकूंना बोलवायचं असं ठरत होतं.

त्या दिवशी सरांच्या साठ चुका झाल्या! मग नरू बसला, त्याच्या शंभर. ताईंचा तो प्रसिद्ध पायसुद्धा भलतीकडंच! गावात पोरं लाकडी बैल ओढत फिरत होती आणि आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो.

शेवटी सरांनी काकूंना फोन लावून स्पीकरवर टाकला. नरूनं गेमचं सेटिंग उघडलं, ते सगळं इंग्रजीत. सर स्क्रीनवरचं एकेक अक्षर वाचून सांगायला लागले आणि काकू पलीकडून अर्थ सांगायला लागल्या.

"त्यात लिहिलंय की सुरुवातीला जो टकटक आवाज येईल, त्या आवाजावर काठी मारा, म्हणजे मशीन टीव्हीचा वेळ जुळवून घेईल. हे कोणी केलं होतं?" काकूंनी विचारलं.

"मीच केलं ना, सेट आणला त्याच दिवशी," नरू म्हणाला.

"कोणत्या आवाजावर मारलंस?"

नरूनं बंद मिलकडे पाहिलं. मिल तेव्हा एवढी धडधडत होती की त्याला दुसरा आवाज ऐकूच आला नव्हता! मशीननं आपला वेळ मिलच्या ठोक्याला लावून घेतला होता, आणि इतके दिवस आम्हीही त्या ठोक्यालाच वाजवत होतो. ठोका गेला आणि सगळ्यांचे हात पोरके झाले.

"परत नीट लावून घ्या," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परत लावायचं म्हणजे हातांची सगळी सवय मोडायची. सरांची आठ महिन्यांची मेहनत! नरूच्या डोळ्यांत पाणीच आलं. सर बराच वेळ डाव्या हाताची बोटं उघडमीट करत बसले.

मग म्हणाले, "फोड पाळ. परत बांधू."

* * *

परत बांधायला सहा महिने लागले. त्यात धान कापून झाला, मिलवर नव्या तांदळाचा वास सुटला. एका रविवारी सरांसोबत काकूही गाडीतून उतरल्या. हिरवी साडी, पदराच्या टोकाला गाठ. माडीवर आल्या, टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसल्या, आणि नरू आपोआप ताठ झाला.

सरांनी लंबं गाणं लावलं. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. पाय झुलत होता, टाच, चवडा. डाव्या हातातली काठी पाण्यावर खडा उसळावा तशी उसळत होती. एकही चूक नाही! ताईंनी माझा दंड इतका दाबला की चार दिवस दुखत होता.

तिसरं मिनिट संपलं आणि लाइट गेली.

टीव्ही काळा. पडदे ओढलेले, खोलीत अंधूक उजेड. बाहेर मिलही थांबली. स्पीकरवर गाणं तेवढं चालू, आणि आता पुढं ते शेवटचं मिनिट. नरूनं तोंडावर हात ठेवला. सर थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. उजवा-डावा, उजवा-डावा. किती बरोबर पडत होतं आणि किती चुकत होतं, कोणाला कळणार? मला तर ते ड्रमसारखं वाटेनाच. पहाटेच्या वेळी पाळीवर उभं राहावं आणि खाली पाणी एकसारखं दगडांना लागत राहावं, तसा आवाज येत होता.

गाणं संपलं. काठ्या दोन्ही हातांत तशाच. सर धापा टाकत होते.

तेवढ्यात लाइट आली. मिल धडधडली. काकू उठून टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी बटण दाबलं. आम्हाला दिसत होती फक्त त्यांची पाठ आणि हिरव्या साडीच्या कडेनं सांडलेला स्क्रीनचा उजेड. आकडा त्यांच्यासमोर होता. त्यांची मान डावीकडून उजवीकडे गेली. परत एकदा डावीकडून उजवीकडे गेली.

मग त्यांनी टीव्ही बंद केला.

"किती चुकले?" सरांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

काकू वळल्या. पदराची गाठ सोडली, किल्ली काढली, सरांच्या डाव्या हातातली काठी बाजूला ठेवली आणि त्या तळव्यावर किल्ली ठेवून त्यांची बोटं स्वतःच्या हातानं मिटली.

"मले कुठं वाचता येते बाप्पा ते इंग्रजी!"