बावन्न ठोके

मखमलाबादच्या फकिरातात्यांचा फोन रोज सकाळी पावणेसहाला यायचा. मी बँकेत काउंटरवर बसते आणि त्याआधी पाच-सहा मुलींकडून सायकल शर्यतीचा सराव करून घेते, त्यामुळे त्या वेळी माझे हात पंपात, चेनमध्ये, नाहीतर चहाच्या कपात अडकलेले. तरी फोन उचलावाच लागे. नाही उचलला तर तात्या पुन्हा करत, आणि पुन्हा.

"मॅडम, आज बावन्न."

एवढंच. मग रामराम, आणि फोन बंद.

ही पीडा मीच मागून घेतली होती. तात्यांची मुलगी पूजा दोन वर्षं माझ्याकडे सरावाला येत होती. पायात जोर विलक्षण, पण दमले असं म्हणायची तयारी नाही. अशा मुली अति सराव करून स्वतःचं वाटोळं करून घेतात. म्हणून मी माझं नाडी मोजणारं जुनं घड्याळ तिला दिलं. ते मनगटावर बांधून झोपायचं आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आत नाडीचे ठोके बघायचे. पन्नास-बावन्न असले तर अंग ताजं. सत्तावन्नच्या वर गेले की अंग दमलंय, त्या दिवशी सायकल बंद. पूजा आकडा खरा सांगेल याचा मला भरवसा नव्हता, म्हणून ते काम तात्यांवर टाकलं.

तात्या चौथी शिकलेले, झेंडू पिकवणारे. पण आकड्याची अशी राखण करत की आमच्या कॅशियरनं शिकवणी लावावी. आधी स्वतः डोळे बारीक करून बघत, मग बायकोला, मालनबाईंना वाचायला लावत, आणि दोघांचा आकडा जुळला की मला फोन.

राज्य संघाची निवड चाचणी यंदा दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होती, दिंडोरी रोडवर. चार मुली घेणार होते. पूजाचं त्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष, म्हणजे आत्ता नाही तर नाहीच. आणि ऐन नवरात्रात फोन आला, "मॅडम, आज अठ्ठावन्न."

"सायकल बंद. घरी राहू दे तिला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साठ. "आजही घरीच."

तिसऱ्या दिवशी बासष्ट. घड्याळ बिघडलं असेल म्हणून मी मालनबाईंना मनगटावर बोटं ठेवून मोजायला सांगितलं. त्यांच्या मोजणीतही बासष्टच भरले. ताप नाही, खोकला नाही. म्हणजे पोरगी चोरून सायकल मारतेय, असं मी ठरवूनच टाकलं. माझं डोकं लवकर तापतं. चौथ्या दिवशी स्कूटर काढली आणि तडक त्यांच्या शेतात जाऊन उभी राहिले.

पूजा झेंडूच्या सरीत वाकलेली होती. ओढणी कमरेला खोचलेली, शेजारी भरलेले आठ-दहा क्रेट. घड्याळ बांधावर प्लॅस्टिकच्या पिशवीत, डाग पडू नये म्हणून काढून ठेवलेलं.

मला बघून तात्या खुशीत पुढे आले. "सायकलीला कुलूप घातलंय, मॅडम. चावी माझ्याकडंच हाय," म्हणत त्यांनी खिशातून ती काढूनही दाखवली.

"आणि हे काय चाललंय, तात्या? ही विश्रांती?" मी ओरडलेच. "कधीपासून तोडतेय ती?"

"दिवस उगवायच्या आधीपासनं." तात्या गोंधळले. "तुम्हीच म्हणाल्या ना, घरी राहू द्या? घरी हाय म्हणल्यावर फुलं तोडू लागतेच की. घटाच्या माळा, वर दसऱ्याचा माल."

आमच्याकडे घरी राहणं म्हणजे सोफ्यावर लोळणं. इथे उलट होतं. सरावाच्या दिवशी पूजा दोन तास तरी फुलांतून सुटायची. मी सुट्टी देऊन तीही सुटका बंद केली होती. तात्यांनी माझं सांगणं शब्दशः पाळलं होतं, आणि मी त्यांच्यावर ओरडत होते. मला माझीच लाज वाटली.

"तात्या," मी हळू आवाजात म्हटलं, "पाठ सायकलीवर वाकली काय आणि झेंडूत वाकली काय, अंग सारखंच दमतं."

तात्यांनी पूजाकडे वळून बघितलं. "मला काय होत नाय, तात्या," ती म्हणाली. "दसरा तीन दिसांवर आलाय."

त्यांनी तिच्या हातातला क्रेट काढून घेतला. "जा. झोप जा."

"आत्ता?"

"आत्ता."

पलीकडं फुलं तोडत असलेल्या मालनबाई तिच्या सरीत शिरल्या. तात्या मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले आणि तिथे त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "लय उशीर तर नाय ना झाला, मॅडम? माझ्यामुळं पोरीचं गेलं तर मी काय तोंड दाखवू तिला?"

मला खोटा धीर देता येत नाही. बघू, एवढंच म्हटलं आणि निघाले.

मग साठ. सत्तावन्न. दसऱ्याला चोपन्न. चाचणीच्या सकाळी तात्या म्हणाले, "एक्कावन्न हाय, मॅडम, एक्कावन्न," आणि रामराम म्हणायचंही विसरले. त्या आनंदात मी हे विचारलंच नाही की पूजाच्या वाटची फुलं कोणी तोडली.

पूजा तिसरी आली. संघात निवड झाली. नाव पुकारल्याबरोबर तिनं सायकल माझ्याकडे दिली आणि गर्दीत तात्यांना शोधायला लागली. तात्या सकाळी टेम्पोतून आलेले मी पाहिले होते.

ते सापडले ते रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली, रिकाम्या पोत्यांवर, पायात चपला तशाच ठेवून गाढ झोपलेले. बोटं झेंडूच्या चिकानं काळी पडलेली. शेजारी बसलेल्या मालनबाई म्हणाल्या, "त्या दिसापासनं तिच्याबी सऱ्यांतली फुलं त्यांनीच तोडली. पाठ टेकली नाय. आत्ता शर्यत सुरू झाली अन् बसल्याजागी कलंडले."

अशी बातमी, आणि बापानं झोपून राहायचं? मी हाक मारायला वाकले, तर पूजानं माझा हात धरला. तात्यांच्या तोंडावर उन्हाची तिरीप येत होती. त्या बाजूला, घामानं निथळत, ती सावली धरून बसली.

"नका उठवू, मॅडम," ती म्हणाली. "मी हाय इथं."