वाढवलेलं दुकान

औरंगपुऱ्यात गौहरभाभीच्या गाडीवर बांगड्या भरायला बसलं की हात म्हणून दुखायचा नाय. फुलंब्रीहून बायका मुद्दाम यायच्या. बोलता बोलता हात असा दाबायची, की सव्वादोनची घट्ट बांगडी सर्रकन आत! आणि जबान? तीस वर्षांत तिनं बांगडी ‘फुटली’ असं कधी म्हटलं नाय. ‘वाढवली’ म्हणायची. सांजच्याला दुकानसुद्धा ‘बंद’ करायची नाय, ‘वाढवायची’. तिच्या घरी असलं कुणी मानत नव्हतं. पण सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सवाष्णीचा हात हातात घेतेस, जबान पाक ठेव.”

मग आला तो मेला कोरोना. बांगड्या भरायच्या म्हणजे दुसऱ्याचा हात हातात घ्यायचा, आणि लोक तर सावलीलासुद्धा भ्यायला लागले. सहा महिने गाडी ताडपत्रीखाली. शिल्लक सगळी पोटात गेली. भाजीवाला बन्सी गाडी विकत मागायला लागला. दिवाळीआधी माल आला नाय तर ती द्यावीच लागणार होती, आणि गाडी गेली की धंदाच गेला. तेवढ्यात कळलं, सरकार हातगाडीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज देतंय.

गल्लीतल्या ऑनलाइन सेंटरवर अपेक्षा लोकांचे फॉर्म भरून द्यायची. इंग्रजी शाळेत शिकलेली, लई हुशार पोरगी. तिनं विचारलं, “भाभी, लॉकडाऊनमध्ये दुकानाचं काय झालं?”

“काय होणार, बेटी? मार्चातच वाढवलं.”

पोरीनं दिलं ठोकून : लॉकडाऊनमध्ये व्यवसाय वाढवला.

घ्या! अर्ज परत. वर शेरा, व्यवसाय वाढल्यामुळे मदतीची गरज दिसत नाही. अपेक्षानं तो वाचून दाखवला तशी भाभी कपाळाला हात लावून खो खो हसली, आणि हसता हसताच घाबरली.

अपेक्षा ओशाळली. तिनं भाभीला न विचारताच ‘धंदा बंद’ असं लिहून दुसरा अर्ज टाकला. तिसऱ्या दिवशी भाभी सेंटरवर असतानाच तपासणीच्या साहेबांचा फोन आला.

“बाई, आधी वाढवला म्हणता, आता बंद म्हणता. खरं काय ते तुमच्या तोंडानं सांगा. बंद होता का?”

अपेक्षा कुजबुजली, “म्हणा ना भाभी! एका शब्दाचा तर सवाल आहे.”

एक शब्द, आणि गाडी वाचत होती. पण त्या साली शहरात कितीतरी सवाष्णींचे हात मोकळे झाले होते. तिनंच भरलेले हात. त्यात आपल्या तोंडून आणखी एक अभद्र शब्द? जीभच उचलेना.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमच्या घरी ताईंच्या बांगडीचं कमीजास्त झालं, तर त्या काय म्हणतात?”



“वाढवली म्हणते.”

“मग माझं दुकान बी तसंच वाढवलंय. दुसरा शब्द मी बोलणार नाय. कर्ज नाय दिलं तरी चालंल.”

चालंल! काय डोंबल चालंल? डब्यात पीठ नव्हतं. पण बोलली, आणि बोलून ताठ उभी राहिली. बाई असावी तर अशी!

साहेब हसले नाहीत. “बरं,” ते हळूच म्हणाले, “तो शब्द मी लिहितो. तुम्ही नका बोलू.”

फोन ठेवला, आणि सहा महिन्यांत डोळ्यांतून टिपूस न काढलेली गौहरभाभी अपेक्षाच्या खांद्यावर डोकं टेकवून ढसाढसा रडली.